तुमच्या पैशांत बसलेली ऑक्सफर्ड

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा गाडीला ब्रेक नव्हते. चारही चाकांचे ड्रम उघडे, आतलं सामान काढून गॅरेजच्या फळीवर वर्तमानपत्रावर मांडलेलं, आणि माझ्याकडे तुमच्या पैशांतले जे उरले होते त्यात एक तर ब्रेक झाले असते, नाहीतर रंग. दोन्ही होणार नव्हतं. त्यावरून आपलं बिनसलं होतं आणि ते तसंच राहिलं. लोक भेटायला येत होते, मंदार सगळ्यांना चहा देत होता, आई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मला मधूनच आठवायचं की अरे, आपलं भांडण अजून मिटायचंय. अशा वेळी डोक्यात काय येईल त्याचा नेम नसतो. मी उठून कप विसळायला गेले.

आता दोन महिने होत आले. सगळे आपापल्या कामाला लागलेत. मीही लागले. पण तुम्ही पैसे माझ्याकडे विश्वासाने दिले होते, तेव्हा पुढे काय झालं ते तुम्हाला सांगणं माझं काम आहे.

तुम्ही आणि आई पुण्याहून इथे परदेशात आमच्याकडे राहायला आलात तेव्हा मंदारने आपल्या आईवडिलांना मोठ्या हौसेने घर दाखवलं. तुमची खोली, तुमची बाथरूम, मागचं अंगण. आठवडाभरात तुमच्या लक्षात आलं की आमच्या फ्लॅट बुश या उपनगरात चालत निघालं की फक्त दुसरी घरं लागतात, तीही आपल्यासारखीच दिसणारी. डेअरीतून दूध आणायचं म्हटलं तरी कोणीतरी गाडी काढायला हवी. पुण्यात सकाळी बाहेर पडून, बँक, पोस्ट, भाजी, दोन ओळखीच्यांशी गप्पा, सगळं उरकून जेवायला घरी येणारे तुम्ही. इथे दुपारपासून मोजे घालून सोफ्यावर तयार बसायचात, कारण मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन तुम्हाला कुठेतरी नेणार असायचे. मला ते मोजे बघवायचे नाहीत. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, मंदारलाही नाही.

मग एका रविवारी तुम्ही आयपॅड घेऊन स्वयंपाकघरात आलात.

"मेधा, हे बघ. इथे अँबॅसडर विकायला आहे."

फोटोत एक शेवाळी रंगाची जुनी गाडी होती आणि तिच्या बॉनेटवर एक कोंबडी बसली होती. खाली 'ऑक्सफर्ड' लिहिलं होतं. मी तसं म्हटलं, तर तुम्ही मला समजावलंत की आपली अँबॅसडर मूळ या इंग्लिश गाडीवरूनच काढली, अंगापिंडाने दोघी एकच. "नाव काही का असेना, ही अँबॅसडर आहे," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात.

पुण्याच्या पंपांच्या कारखान्यात तुम्ही खरेदी खात्यात होतात, आणि तिथे साहेबांना एक पांढरी अँबॅसडर होती, हे मला आधी ठाऊक होतं. तिच्यातून तुम्ही किती फिरलात तेही ऐकलं होतं. पण त्या दिवशी पोळ्या लाटताना पहिल्यांदा कळलं की तुम्ही कायम पुढे, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन बसायचात. मी विचारलं, मग आता मागे ऐटीत बसायचंय का. तुम्ही म्हणालात, "मागे बसायला ड्रायव्हर लागतो. मला चालवायची आहे. मी आणि ही, कोणाला न विचारता कुठेतरी जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पैसे दिलेत. पेन्शनमधून बाजूला टाकलेले, इथे आल्यावर बदलून घेतलेले. "यात बसेल तेवढी गाडी. संपले की थांबायचं. मंदारचा एक डॉलर यात येता कामा नये. तू लोकांच्या पैशावर पहारा देतेस, याच्यावरही दे." मी क्वांटिटी सर्व्हेयर. इमारतीला किती काँक्रीट, किती लोखंड, किती खर्च, हे काढायचं आणि साइटवरच्या बाप्यांना तोंडावर सांगायचं की तुम्ही हाताबाहेर चाललात. त्यामुळे काम माझ्या ओळखीचं होतं. तुम्ही इतके हट्टाला का पेटलात ते मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, जात्याच चिकट आहेत.

गाडी क्लीव्हडनच्या पुढे केव्हिन नावाच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये होती. केव्हिन तुमच्याच वयाचा, थंडीतही हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला.

"धिस इज अँबॅसडर," तुम्ही म्हणालात.

"ना मेट, शी'ज ॲन ऑक्सफर्ड."

तुम्ही मला मराठीत विचारलंत, "गाडीला ही लोकंही 'ती'च म्हणतात का?" मी हो म्हटलं. "मग माणूस बरा असेल," तुम्ही म्हणालात आणि घासाघीस सुरू केलीत. नाना पेठेत स्पेअर पार्ट घेताना चालते तशी. गंज दाखवून झाला, टायरला लाथ मारून झाली, शेवटी गाडीचं दार हळूच लावून "ठीक आहे, राहू दे" म्हणत तुम्ही निघालात. मीही मागोमाग. पुण्यात चार पावलांवर दुकानदाराची हाक येते. केव्हिनने हाक मारली नाही. त्याने "नो वरीज" म्हटलं आणि तो चहा करायला घरात गेला. आपण दोघं त्या चिखलाच्या रस्त्यावर आपल्या गाडीजवळ उभे. तुम्ही मागे न बघता मला विचारत होतात, "येतोय का?" तो येणार नव्हता. त्याला वाटलं आपल्याला गाडी नकोय, आणि नको तर नको.

शेवटी मीच परत गेले आणि सांगितलं की आमच्याकडे जायला निघणं हा भाव करण्याचाच भाग आहे. तो इतका हसला की चहा सांडला. मग आत बोलावून त्याने किंमत खरंच उतरवली, आणि शनिवारी हत्यारं घेऊन मदतीला येईन असंही कबूल केलं. घरी येताना तुम्ही म्हणालात, "बघ, जमलं की नाही."

त्या शनिवारांबद्दल मला फार लिहायचं नाही, कारण लिहायला लागले की थांबायची नाही. गॅरेजचं दार वर, केव्हिन गाडीखाली, तुम्ही स्टुलावर पॉलिश पेपर घेऊन, आणि मी काय घ्यायचं नि काय नाही यावर वाद घालायला. केव्हिनला मजुरी म्हणून आईंचे पोहे. तो त्यांना 'येलो ब्रेकफास्ट' म्हणायचा आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. आई मागून तुम्हाला म्हणायच्या, "त्याला पैसे द्यायचे नाहीत म्हणून माझ्याकडून कांदे चिरून घेताय."

आपण दोघं कंजूष, पण तऱ्हा वेगळी. मला वाटायचं एकदाच खर्च करावा आणि नीट करावं, म्हणजे पुन्हा त्यात पडायला नको. तुमचा शब्द एकच, 'चालेल'. मराठीतला हा भलता फसवा शब्द आहे. गाडी धावेल म्हणजे चालेल, आणि असू दे, काय बिघडतं, म्हणजेही चालेल. फॅनचा पट्टा जरा चिरलाय, चालेल. डावीकडचं हँडल वेगळ्या जातीचं आहे, चालेल. मला कळायचंच नाही की तुम्ही मला भरवसा देताय की वाटेला लावताय. केव्हिनला मी हा शब्द समजावून सांगायला गेले, तर तो म्हणाला, "ओह, यू मीन शी'ल बी राइट." झालं. त्या दिवसापासून तुमची युती. तुम्ही "चालेल" म्हणायचात, तो "शी'ल बी राइट" म्हणायचा आणि दोघं मिळून माझ्याकडे बघायचात.

पण पैसे वाचवायची खरी युक्ती तुमचीच होती, हे कबूल करते. ऑक्सफर्डचा पार्ट इथे मिळत नाही, इंग्लंडहून मागवला तर अंगावर येतो. अँबॅसडरचा पार्ट नाना पेठेत अजून मिळतो. मंदारचा मावसभाऊ नितीन इकडे येणार होता, त्याच्यामागे तुम्ही फोनवर लागलात. पुढच्या काचेचं रबर, दारांचे कडी-कोयंडे, दिव्यांच्या रिंगा. इथल्या विमानतळावर मातीचा कण चालत नाही, तेव्हा प्रत्येक वस्तू डिझेलने धुऊन, घासून, वाळवून आण असं तुम्ही त्याला बजावलंत. तुमच्या मेहुणीने सगळं गच्चीत पापडांच्या शेजारी वाळत घातलं. ते पापडही त्याच बॅगेत आले. वर्षभर आपण डिझेलच्या वासाचे पापड खाल्ले आणि कोणी तक्रार केली नाही. रबर मात्र बसलं, असं चपखल की केव्हिनने टोपी काढली. तुम्ही त्याला विचारलंत, "सो, इज शी अँबॅसडर?" तो म्हणाला, "टुडे शी इज, मेट."

तेव्हाच ते वॉरंटचं झालं. इथे गाडी रस्त्यावर धावायला लायक आहे असा दाखला लागतो, त्याला वॉरंट म्हणतात. आई पुण्याला बहिणीला फोनवर सांगत होत्या, "यांचं वॉरंट निघायचंय अजून, मेधा म्हणते उन्हाळ्यात निघेल." पलीकडे रडारड. तासाभरात निम्म्या नातेवाइकांचे फोन. नितीनच्या वडिलांनी तर वकील बघू का म्हणून विचारलं. तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, "सध्या नको. मेधा बघते आहे." तुम्ही गंभीर चेहरा करून थट्टा करायचात, ती मला दर वेळी उशिरा कळायची.

आणखी एक सांगायचं आहे, ते मी तुम्ही असताना सांगायला हवं होतं. या घरात माझ्या कामाबद्दल विचारणारे तुम्ही एकटे होतात. मंदार म्हणतो "कसा गेला दिवस", आणि मी म्हणते "ठीक". तुम्ही विचारायचात, "काँक्रीटचा भाव उतरला का?" आणि खरंच ऐकायचात. कुठल्या सप्लायरने कुठे मारलं ते तुम्हाला बरोबर समजायचं. माझं चिडणं, माझे शहाणपणाचे निर्णय, ऑफिसात इंग्रजीत बोलून शिळं झालेलं सगळं मी तुम्हाला पॉलिश पेपर घासता घासता मराठीत पुन्हा सांगायचे. इतकी वर्षं इथे राहून मला हे कोणाकडून मिळालं नव्हतं. मला त्याची फार सवय झाली होती, बाबा.

आता ब्रेकचं. नितीनने दुसऱ्या खेपेला ब्रेकचं सामान आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत, वर ना नाव ना गाव. मी ते लावायला नाही म्हटलं. इथल्या ब्रेकवाल्याकडून नीट करून घ्यायचे तर रंगासाठी ठेवलेले पैसे जवळपास सगळे जाणार होते. आणि तुम्हाला रंग हवा होता. पांढरा, कारखान्यातल्या गाडीसारखा.

"अख्ख्या हिंदुस्थानात गाड्या याच ब्रेकवर थांबल्या," तुम्ही म्हणालात.

"ज्या थांबल्या त्या तुम्ही पाहिल्या. ज्या थांबल्या नाहीत त्यांचं काय?"

"हे तू मला घरातली म्हणून सांगतेस की ऑफिसातली म्हणून?"

हे मला लागलं. मी म्हटलं, या गाडीत आई बसणार आहेत, मग कुठलीही समजा. केव्हिन गाडीखालून बाहेर आलाच नाही. तेवढ्यात मंदार दारात उभा राहिला आणि त्याने, चांगल्या मनाने, नको ते केलं.

"बाबा, कशाला एवढं टेन्शन? ब्रेक मी करून देतो. आय मीन, मला हे काहीच नाही. आत्ता ट्रान्सफर करतो मेधाला."

तुम्ही हातातला पॉलिश पेपर खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "मंदार, इथे मी मीठ खातो ते तुझ्या पैशाचं. मोजे तुझ्या पैशाचे. डॉक्टरही तुझ्या पैशाचा. तू प्रेमाने देतोस, माझी तक्रार नाही. पण ही एक वस्तू माझी राहू दे." आणि तुम्ही आत गेलात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पैशाची मर्यादा तुम्ही गाडीसाठी घातलीच नव्हती. तुम्हाला इथे कोणाचे तरी वडील याहून आणखी काहीतरी असायचं होतं. पुढचे दोन शनिवार तुम्ही गॅरेजमध्ये आला नाहीत. माझ्याशी बोलत होतात, पण मीठ दे, पाणी दे एवढंच. मी ठरवलं होतं की तिसऱ्या शनिवारी तुम्हाला स्वतः बोलवायचं आणि सांगायचं की ब्रेक की रंग ते तुम्ही ठरवा, मी ऐकेन. ब्रेकवर मी ऐकलं असतं की नाही कोण जाणे. शुक्रवारी पहाटे तुमच्या छातीत दुखलं. ॲम्ब्युलन्स लवकर आली, सगळ्यांनी शर्थ केली. तुम्ही स्ट्रेचरवरून मला म्हणालात, "आईला शाल दे, बाहेर गार आहे." माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

तेराव्यानंतर मंदार गॅरेजमध्ये बराच वेळ एकटा उभा होता. मग आत येऊन म्हणाला, "मेधा, ब्रेकही करू आणि पेंटही करू. बेस्टमधलं बेस्ट. बाबांसाठी. किती लागतील ते लागू दे." त्याचे डोळे लाल होते. मला त्याला नाही म्हणणं जड गेलं. इतर कशालाही मी हो म्हटलं असतं. मी म्हटलं, "तू पैसे घातलेस की ती तुझी गाडी होईल. चांगली होईल, पण तुझी होईल." तो माझ्यावर भडकला. वडील माझे आहेत, म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पण पैसे माझ्या ताब्यात दिले होते, मंदारच्या नाही, आणि अट मला घातली होती.

मग राहिला प्रश्न ब्रेक की रंग, आणि तो तुम्हाला विचारता येत नव्हता. मला भीती वाटत होती की मी ब्रेक म्हटलं तर ते केवळ तुम्ही नाही म्हणून जिंकल्यासारखं होईल. शेवटी आईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पुण्याच्या घराला रंग पुढच्या दिवाळीला, पुढच्या दिवाळीला म्हणत यांनी माझा जन्म काढला. बिनरंगाचं काही अडत नाही गं. ब्रेक घाल." आणि मग त्यांना रडू आलं, आणि मलाही. दोघी मिळून पालक निवडून संपवला.

ब्रेक नीट झाले. पुण्याहून आलेली ती पिशवी ब्रेकवाल्याने उघडून पाहिली आणि त्यातल्या दोन वस्तू चांगल्या आहेत म्हणून लावल्या, तेवढे पैसे वाचले. म्हणजे निदान दोन वस्तूंपुरते तुम्ही बरोबर होतात. रंग राहिला. गाडी सध्या अर्धी शेवाळी, दारं करडी, एक मडगार्ड लाल पुटाचं, केव्हिनने शेडमधून आणून दिलेलं. तपासणीला घेऊन गेलो तेव्हा केव्हिन शेजारी बसला होता. तपासणाऱ्या पोराने गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून दिव्याने पाहिलं, ब्रेक दाबून पाहिले, आणि काचेवर वॉरंट चिकटवलं. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे एकदम झकास. मग त्याने विचारलं, गाडी कोणाची. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांची.

त्या दिवशी तुमच्या पैशांतले थोडे शिल्लक राहिले होते. मी पंपावर गेले आणि त्या सगळ्यांचं पेट्रोल भरलं. काटा जेमतेम पाव टाकीपर्यंत चढला. गाडी, गंज काढणं, रबर, ब्रेक, तपासणी आणि हे पेट्रोल, सगळं तुमच्या पैशांत बसलं, बाबा. मंदारचा एक डॉलर त्यात नाही, माझाही नाही.

पण तेव्हापासून मी गाडी काढायला कचरते. यातलं पेट्रोल संपलं की पुढचं आमच्या पैशांचं येणार. मंदार विचारतो, एवढी मरमर करून केली, मग चालवत का नाहीस, आणि मी काहीतरी कारण सांगते. आठवड्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणते. तरीही काटा थोडा थोडा खाली येतोच.

काल आई गॅरेजमध्ये आल्या. मोजे आणि बूट घालून. समुद्रावर जायचं म्हणाल्या, मराएताईला, ज्याला तुम्ही मराठाई म्हणायचात. मी म्हटलं, मंदारच्या गाडीने जाऊ, आरामात. त्या ऑक्सफर्डचं दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या आणि पट्टा शोधायला लागल्या. "यांची गाडी आहे ना घरात? मग यांच्याच गाडीने जाऊ."

जाऊन येऊन टाकी तळाला लागेल. उद्या सकाळी निघतोय.